पटावरची विसावी

त्र्यंबक देशिंगकर शिक्षण खात्यात बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झाले, आणि राजारामपुरीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एकाएकी कुठलाच कागद येईना की जाईना. पहिला महिना त्यांनी लाइट बिलांची फाइल लावण्यात काढला. दुसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांक द्यायला घेतले, तेव्हा बायकोने कुणाकुणाला फोन केले ते ठाऊक नाही, पण आठवड्याच्या आत उंबरमाळचे हंबीरराव इंगवले दारात उभे राहिले. हंबीररावांना पुस्तक काढायचं होतं आणि ते काढून देणारा माणूस हवा होता. बायकोने त्यांना दोनदा चहा दिला.

पुस्तक होतं गावांनी स्वतः उभ्या केलेल्या शाळांचं. बिद्रीवरून गारगोटीकडे जाताना आत डोंगराला लागून दहा लहान गावं आहेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी सरकारची वाट न बघता स्वतःच दगड वाहिले, वासे आणले आणि शाळा बांधल्या. दहा गावं, दहा प्रकरणं. प्रत्येक गावाचं म्हणणं एकच, की पहिली शाळा आमची, बाकीच्यांनी आमचं बघून बांधल्या. त्र्यंबकरावांनी हे वाक्य दहाही प्रकरणांच्या सुरुवातीला घालून टाकलं आणि सगळे खूश झाले. दुसऱ्याचं प्रकरण वाचायची सवय कुणालाच नव्हती.

काम त्यांना मनापासून आवडलं. आठवड्यातून दोनदा एसटीने जायचं, शाळेतलं जुनं कपाट उघडायला लावायचं, धूळ झटकायची आणि रजिस्टरं वाचत बसायचं. त्या रजिस्टरांनुसार दहा गावांतली निम्मी जनता एक जूनला जन्मली होती, कारण पोरांच्या जन्मतारखा आईबापांना ठाऊक नसत आणि शाळा जूनमध्ये भरत असे. त्र्यंबकरावांना त्यात काही वावगं वाटलं नाही. माणसं विसरतात, फिरतात, पक्ष बदलतात. रजिस्टर बदलत नाही, असं त्यांचं मत होतं आणि बत्तीस वर्षांत ते बदलायचं कारण पडलं नव्हतं.

उंबरमाळच्या रजिस्टरात त्यांना घबाड सापडलं. सत्तावन्न साली शाळा सुरू झाली तेव्हा पटावर वीस नावं होती. एकोणीस मुलगे, आणि विसावं नाव विठाबाई ज्ञानू चौगले. हीच विठाबाई एकसष्ट साली चौथी पास झाल्याची नोंद होती. दहा गावांत इतक्या लवकर दुसरी कुठलीही मुलगी पास झालेली नव्हती. शेजारच्या मोरखिंडीची पहिली मुलगी पास झाली ती त्रेसष्टला. उंबरमाळ आणि मोरखिंड यांचं यात्रेतल्या मानावरून तीन पिढ्यांचं वाकडं होतं, त्यामुळे ही दोन वर्षं हंबीररावांना एखादं धरण मंजूर व्हावं तशी वाटली. ते स्वतः त्याच पहिल्या पटावर तिसऱ्या क्रमांकाला होते. चौथीत दोन वर्षं बसले होते, पण ते पुस्तकात घालायचं कारण नव्हतं.

त्यात भर म्हणजे विठाबाई हयात होत्या आणि गावातच होत्या. पंचाहत्तर वर्षांच्या, ताठ कण्याच्या, कमी बोलणाऱ्या. गावातल्याच पोवारांच्या घरी दिल्या होत्या. त्यांची नात वर्षाराणी आता त्याच शाळेत शिक्षिका होती आणि हंबीरराव अध्यक्ष असलेल्या पुस्तकाच्या समितीची चिटणीसही. हंबीररावांनी तिथल्या तिथे ठरवलं की प्रकाशनाच्या दिवशी सगळ्या दहा गावांसमोर, विशेषतः मोरखिंडीसमोर, विठाबाई स्टेजवर उभ्या राहून पुस्तकातलं आपल्यावरचं पान वाचून दाखवतील. त्यांनी हे निमंत्रणपत्रिकेत छापूनही टाकलं. पुस्तक अजून छापायला गेलं नव्हतं, पण पत्रिका आधी छापायची ही आपल्याकडची रीतच आहे.

पान छपाईला जाण्याआधी ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला दाखवायचं, हा त्र्यंबकरावांचा नेम. ते विठाबाईंकडे गेले, नमस्कार केला आणि पिशवीतून कागद काढून दिला. विठाबाईंनी चष्मा लावला. कागद दोन्ही हातांत धरून सावकाश, वरून खालपर्यंत पाहिला. मग घडी घालून परत दिला आणि लई चांगलं लिवलंय, असं म्हणाल्या. त्र्यंबकरावांना बरं वाटलं. चहा घेऊन ते निघाले आणि एसटीत बसल्यावर त्यांनी कागद पुन्हा उघडला. ती सरकी पेंडेची जाहिरात होती. पुस्तकाच्या शेवटी टाकायची पानं डीटीपीवाल्या मुलीने त्याच पाकिटात घातली होती. वर गाभण म्हशीचा फोटो नव्हता एवढंच नशीब, नाहीतर विठाबाईंनाही कळलं असतं.

एसटी मुदाळतिट्ट्याच्या फाट्यावर येईपर्यंत त्यांनी स्वतःची समजूत घातली, की म्हातारीला दिसत नसेल. तिथून पुढे समजूत पुरली नाही. आलेलं पत्र न वाचता त्यावर सही करणारे साहेब त्यांनी बत्तीस वर्षं पाहिले होते. ती नजर त्यांना ओळखता येत होती.

दोन दिवसांनी ते योग्य पान घेऊन परत गेले. विठाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलंच नाही. वर्षाराणीला त्यांनी दुकानातून साखर आणायला पाठवलं. साखरेचा डबा भरलेला समोरच दिसत होता.

"पावणं, माझं नाव काढून टाका त्यातनं," त्या म्हणाल्या. "मला वाचाय येत न्हाय. मी साळंत बसलीच न्हाय कवा."

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि तेही भाजी निवडता निवडता. शाळेला मान्यता द्यायला साहेब येणार होते आणि पटावर वीस पोरं दिसली तरच मान्यता मिळणार होती. गावात एकोणीस भरत होती. मुलगी घालायला कुणाचीच तयारी नव्हती, तेव्हा पंचांनी तिच्या बापाला, ज्ञानूला गाठलं. नाव द्यायला तो कबूल झाला, पोर द्यायला नाही. साहेब आले त्या दिवशी तिला परकर-पोलकं घालून शेवटच्या रांगेत बसवलं, मान्यता मिळाली आणि दुसऱ्या दिवशी पंचांनी तिला वर्गातून उठवून कामाला लावलं. शाळा वर माळावर, पाणी खाली ओढ्यात. शाळा भरताना दोन घागरी आणि मधल्या सुट्टीला दोन घागरी, शनिवारी वर्ग सारवायचा. चार वर्षं तिने ते केलं. गुरुजी पाढे घ्यायचे ते रांजणात पाणी ओतताना कानावर पडायचे, आणि पडलेलं तिच्या कानातून कधी सांडलं नाही. चौथीच्या वर्षी गुरुजींनी एकदा वर्गाला एकोणतिसाचा पाढा विचारला. एकाला येईना. दारातून घागर कमरेवर धरून तिने तो म्हणून टाकला. उन्हाळ्यात गुरुजींनी तिच्या बापाच्या हातात चौथी पासचा दाखला ठेवला.

त्या दाखल्यावर तिचं लग्न जमलं. नवरा साखर कारखान्यात होता, बायको शिकलेली हाय म्हणून मित्रांत मिरवायचा. तिने नाही कधी म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. घरात पेपर आला की ती तो हातात धरायची. पत्र आलं की चष्मा सापडायचा नाही. सही-अंगठ्याची तेवढी धास्ती होती, पण आता रेशनपासून बँकेपर्यंत शिकलेल्यांचासुद्धा अंगठाच लागतो, तेव्हा तीही गेली.

अडचण होती ती नातीची. बारावीनंतर वर्षाराणीला पुढे शिकवायला घरातला एकही बाप्या तयार नव्हता. तेव्हा ती पोरगी चौकात उभी राहून म्हणाली होती, की आज्जी त्या काळात चौथी शिकली आणि मी आता घरात बसू काय. आठवड्यात तिची फी भरली गेली.

"ती माझ्या त्या कागदावर हुबी हाय," विठाबाई म्हणाल्या. "स्टेजवर मला वाचाय लावलं तर सगळ्या गावांम्होरं तिच्या पायाखालचं निघंल. माझं काय, माझं झालं सगळं."

त्र्यंबकरावांना म्हातारीची कणव आली, आणि खरं सांगायचं तर रजिस्टर खोटं निघाल्याचं दुःखही झालं. कुणाला काही सांगणार नाही असं त्यांनी वचन दिलं आणि वाचन रद्द करून घेण्यासाठी ते हंबीररावांकडे गेले.

हंबीररावांना कुठलीही अडचण सांगायची सोय नव्हती, कारण ते ती लगेच सोडवत. विठाआक्कांचा आवाज बारीक आहे, असं त्र्यंबकराव म्हणाले. त्यावर गारगोटीहून चांगला माइक आणायचं ठरलं. आक्कांची नजर अधू झाली आहे म्हटल्यावर हंबीररावांनी त्यांच्यासाठी वेगळी प्रत काढायला सांगितली, एकेक अक्षर भाकरीएवढं करा म्हणाले. आक्कांऐवजी नातीने वाचलं तर, असं विचारल्यावर मात्र ते गंभीर झाले. मोरखिंडवाले म्हणतील म्हातारीला वाचता येत नाही. इतकं बोलून ते आपल्याच कल्पनेला मोठ्याने हसले. त्र्यंबकरावही थोडे हसले. न हसणं संशयाचं झालं असतं.

शेवटी त्र्यंबकरावांनी आपल्या तत्त्वात न बसणारी युक्ती काढली. पान पाठ करायचं. ते विठाबाईंकडे गेले आणि त्यांनी पान दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी विठाबाईंनीच म्हणायला सुरुवात केली आणि स्वल्पविराम न चुकता म्हणत गेल्या. त्र्यंबकरावांच्या जिवात जीव आला. अर्ध्या पानावर त्या थांबल्या. तिथलं वाक्य होतं, की विठाबाईंनी त्या काळी मुलांच्या मांडीला मांडी लावून वर्गात बसून शिक्षण घेतलं. ते त्र्यंबकरावांनीच लिहिलं होतं, आणि त्यांना ते बरंच जमलेलं वाटत होतं.

विसरलात काय, असं त्यांनी विचारलं.

"न्हाय," विठाबाई म्हणाल्या. "आजवर मी गप ऱ्हायली, ते येगळं. हे माझ्या तोंडानं म्हननं येगळं. हे न्हाय व्हायचं."

त्र्यंबकरावांनी ते वाक्य काढतो म्हणून सांगितलं. पण विठाबाईंनी भाजीची पाटी बाजूला सारली आणि समितीची बैठक कधी आहे एवढंच विचारलं.

बैठक रविवारी सकाळी शाळेतच होती. दुसऱ्या दिवशी पुस्तक छापायला जाणार होतं. हंबीरराव, आणखी तीन सभासद, कार्यवृत्त लिहायला वर्षाराणी आणि रजिस्टरांचा गठ्ठा घेऊन त्र्यंबकराव, असे सगळे मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसले होते. विठाबाई आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. हंबीररावांनी या या, पहिल्या विद्यार्थिनी, असं मोठ्याने स्वागत केलं. विठाबाईंनी ते संपू दिलं आणि मग चार वाक्यांत सांगून टाकलं. मला वाचता येत नाही. मी वर्गात बसले नाही. मी पाणी भरत होते. दाखला गुरुजींनी दिला तो पाढ्यावर दिला.

वर्षाराणीचं पेन वहीवर टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग ती उठली. आता ही बाहेर जाणार, असं त्र्यंबकरावांना वाटलं आणि त्यांनी नजर खाली घातली. वर्षाराणी दारापर्यंत गेली, आज्जीचा दंड धरून तिला आत आणलं आणि पहिल्या बाकावर आपल्या शेजारी जागा करून दिली. "बस आदी," एवढंच ती म्हणाली आणि डोळे पुसून तिने पेन उचललं.

मग सभासदांना कंठ फुटला. एकाचं म्हणणं पडलं, की आहे तसं राहू द्या, कुणाला कळतंय. दुसऱ्याला ते पटत होतं. हंबीररावांनी मात्र मांडीवर हात आपटला. पंचाहत्तर वर्षांचा माणूस एखादं पोर रुसावं तसा रुसला होता. ते म्हणाले, रजिस्टरच खोटं असेल तर नाव काढून टाका, हजेरी बोगस, दाखला बोगस, मोरखिंडीला काय लाडू वाटायचे ते वाटू द्या.

बोगस हा शब्द त्र्यंबकरावांना लागला. कुणी त्यांच्या आईवरून बोललं असतं तर कदाचित ते गप्प बसले असते. ते उभे राहिले, गठ्ठ्यातून तिसरीच्या वर्षाची हजेरी काढली आणि खात्यातल्या आवाजात बोलू लागले. विठाबाईंनी पाणी भरल्याचं सांगितल्यापासून तीन रात्री त्यांनी हे रजिस्टर घरी नेऊन तपासलं होतं. खोटी हजेरी त्यांनी जन्मभर पाहिली होती आणि तिची एक खूण ठरलेली असते. खोट्या हजेरीतलं पोर कधी आजारी पडत नाही. ते चार वर्षं रोज हजर असतं. विठाबाईंच्या नावापुढे मात्र गैरहजेरीच्या खुणा होत्या. एखाददुसरी इथे तिथे, आणि तिसरीच्या वर्षी भाद्रपदात सलग अकरा दिवस.

"मुदतीचा ताप आलता," विठाबाई म्हणाल्या.

"म्हणजे गुरुजी डोळ्यांनी बघून हजेरी लावत होते," त्र्यंबकराव म्हणाले. "आक्का ज्या दिवशी शाळेत आल्या त्या दिवशी हजर, नाही आल्या त्या दिवशी गैरहजर. हे रजिस्टर अक्षरशः खरं आहे. चार वर्षं विठाबाई शाळेत हजर होत्या. शाळेनं त्यांना आत घेतलं नाही, त्याला रजिस्टर काय करणार?"

इतकं लांब ते निरोप समारंभातही बोलले नव्हते. सभासदांनी माना डोलावल्या. खोटं नाही म्हटल्यावर सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं. हंबीररावांचा रुसवा निम्मा उतरला आणि मग नाव ठेवायला काही हरकत दिसत नाही, असं ते पुटपुटले.

विठाबाईंचं त्याकडे लक्ष नव्हतं. त्या रजिस्टरातल्या त्या अकरा खुणांकडे बघत होत्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण अकरा खुणा त्यांनी बोटाने मोजल्या.

"हंबीर," त्या म्हणाल्या. गावात आता हंबीररावांना असं हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. "ह्या अकरा दिसांत पानी कुनी आनलं रं?"

हंबीरराव आठवायला लागले आणि आठवता आठवता त्यांचा चेहरा उजळला. "कुनी न्हाय की. मधल्या सुट्टीत आमी समदी ओढ्यावर पळत जायचो. वंजळीनं पानी प्यायचं आनि पळत माघारी. लई मज्जा आलती."

"समदी?"

"समदी. गुरुजी सुदीक."

"किती येळ लागायचा?"

"लई न्हाय, धा मिनटं," हंबीरराव म्हणाले. त्यांच्या तोंडावर हसू अजून होतं, पण ते आता तिथे कशासाठी आहे हे त्यांनाही कळेनासं झालं होतं.

विठाबाईंनी रजिस्टरावरचं बोट उचललं.

"मग समदी रोज गेला असता की," त्या म्हणाल्या. "मी बसली असती."

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. हिशेबात कुठे चुकलं ते सापडल्यावर माणूस बोलतो तशा बोलल्या होत्या. बाहेर माळावर कुणाची तरी म्हैस ओरडत होती. त्या सत्तावन्न सालच्या पंचांत कोण कोण होते ते उंबरमाळच्या प्रकरणात फोटोंसह दिलेलं होतं, आणि पहिला फोटो हंबीररावांच्या वडिलांचा होता.

पुस्तकात हे घालायचं का, असं त्र्यंबकरावांनी हळूच विचारलं. विठाबाई म्हणाल्या, शाळेचाच इतिहास हाय न्हवं. मग त्यांनी पदर सावरला आणि बाकावर जरा मागे सरून नीट बसल्या.

वर्षाराणीने आज्जीचं रोज जाण्याचं ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. खाली तारीख घातली, अध्यक्षांच्या सहीसाठी रेघ मारली आणि वही हंबीररावांपुढे सरकवली. वाक्य एका ओळीचं होतं, पण हंबीररावांना ते वाचायला बराच वेळ लागला. मग त्यांनी सही केली.